कच्च्या वाटेची गाडी पगारात बसते का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी 36 वर्षांचा असून पाटण तालुक्यात कृषी खात्यात नोकरीला आहे. कामानिमित्त रोज साधारण 40 किलोमीटर फिरणे होते आणि त्यातले निम्मे रस्ते वाड्यावस्त्यांचे, म्हणजे मुरमाचे किंवा उखडलेले असतात. माझ्याकडे दहा वर्षे जुनी 125 सीसीची मोटारसायकल आहे. ती चालते, पण ओढ्यात आणि चढावर दमते. मला डांबरावरही आणि कच्च्यावरही चालणारी ड्युअल-स्पोर्ट प्रकारची गाडी घ्यायची फार दिवसांची इच्छा आहे. मित्र म्हणतो, घ्यायचीच तर रॉयल एनफील्डची हिमालयन 450 घे. पत्नीचे म्हणणे असे की, एवढ्या पैशात मुलीच्या नावावर काहीतरी ठेवता येईल आणि शिवाय त्या उंच गाडीवर ती मागे बसणार कशी? हातात 46 हजार येतात, घराचा हप्ता साडेतेरा हजारांचा आहे, मुलीच्या नावाने तीन हजारांची आवर्ती ठेव चालू आहे आणि शिल्लक 70 हजार आहे. माझी उंची पाच फूट पाच इंच. ही गाडी मला परवडेल का, आणि नुसत्या हौसेपायी घेणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर:

गाडी अवश्य घ्या, पण मित्र सांगतो ती घेऊ नका आणि जमले तर कोरी करकरीतही घेऊ नका.

तुमच्या पत्रातला ‘नुसत्या हौसेपायी’ हा शब्दप्रयोग मला पटलेला नाही. पुण्यामुंबईत इमारतीच्या तळघरात उभी राहून महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटात जाऊन येणारी गाडी हौसेची म्हणता येईल. तुम्हाला मात्र सोमवार ते शनिवार ज्या वाटांनी जावे लागते, त्या वाटांसाठीच हा गाडीचा प्रकार जन्माला आला आहे. आरसे, दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट असे सगळे रस्त्याच्या नियमांप्रमाणे, परंतु पुढचे चाक 21 इंचांचे, तारांच्या आऱ्यांचे, सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के शोषणाऱ्या शॉकअॅबचा, वर-खाली प्रवास लांब आणि इंजिनाचे पोट जमिनीपासून चांगले वीतभर उंच, अशी तिची बांधणी असते. मोठे चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्या कडेवरून पुढे सरकते, आणि आऱ्यांचे चाक धक्का बसला तर थोडे वाकते, पण मिश्रधातूच्या चाकासारखे तडकत नाही. दिवसाला वीस किलोमीटर मुरूम तुडवणाऱ्या माणसाला या गोष्टींचा उपयोग पहिल्याच आठवड्यात कळतो. अशी गाडी महाग पडते ती तिची ही ताकद वापरली जात नसेल तर. तुमच्याकडे ती रोज वापरली जाणार आहे.

आता मित्राच्या सूचनेकडे वळू. हिमालयन 450 ही उत्तम गाडी आहे यात शंका नाही. तिचे इंजिन 452 सीसीचे आहे, ताकद 40 अश्वशक्तीच्या घरातली आहे आणि पाटणहून थेट लडाख गाठायचे असेल तर मीही तीच सुचवली असती. परंतु तिचे वजन 196 किलो आहे. मोरणा नदीच्या खोऱ्यात एखाद्या शेवाळलेल्या फरशी पुलावर ती आडवी झाली आणि आसपास चिटपाखरू नसले, तर ती एकट्याने उभी करताना काय दशा होते हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. खर्चाच्या बाबतीतही 350 सीसीची रेषा ओलांडली की सगळेच पारडे बदलते. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. महाराष्ट्रात एकरकमी रस्ताकर 99 ते 299 सीसीच्या गाड्यांना 11 टक्के, तर त्यापुढे 12 टक्के पडतो. नव्या गाडीसोबत पाच वर्षांचा तृतीयपक्ष विमा सक्तीचा असतो. 150 ते 350 सीसीसाठी त्याचा मूळ हप्ता 7,365 रुपये आहे आणि 350 सीसीच्या वर 15,117. थोडक्यात, मोठ्या इंजिनाची किंमत तुम्ही दुकानदाराला, सरकारला आणि विमा कंपनीला अशी तीनदा मोजता, आणि तेवढी ताकद पाटण-ढेबेवाडी-मारुल पट्ट्यात वापरायला जागाच मिळत नाही.

कावासाकीची केएलएक्स 230 तुमच्या मनात असेल तर तेवढ्यापुरते सांगतो. वजनाला ती खरोखर हलकी म्हणजे 139 किलोची आहे, पण सीटची उंची 880 मिलिमीटर आणि पेट्रोलची टाकी जेमतेम साडेसात लिटरची. तुमच्या उंचीला आणि मागे बसणाऱ्या माणसाला ती सोयीची नाही.

मग उरते ती हिरोची एक्सपल्स 200, इंजिनात चार व्हॉल्व्ह (झडपा) असलेली. याच कंपनीने 2011 साली इम्पल्स नावाची 150 सीसीची अशीच गाडी आणली होती. ती काळाच्या जरा आधी आली, फारशी खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. आज जुनी इम्पल्स जपून ठेवलेले लोक भेटतात तेव्हा ते ती विकायला तयार नसतात. एक्सपल्स 2019 मध्ये आली, 2021 मध्ये तिला चार व्हॉल्व्हचे इंजिन मिळाले आणि 2025 च्या सुरुवातीला 210 सीसीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची मोठी बहीणही दाखल झाली. तुमच्या कामाला 200 पुरेशी आहे. वजन 160 किलोच्या आसपास, सीट 825 मिलिमीटरवर, पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा आणि टाकी 13 लिटरची. सुटे भाग कराड-साताऱ्यात मिळतात आणि गावातल्या मेकॅनिकला हिरोचे इंजिन उघडायला भीती वाटत नाही, ही बाब माहितीपत्रकात छापत नाहीत, परंतु तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी तीच पाहावी.

आता हिशेब करू. शोरूमची किंमत, रस्ताकर, विमा, नोंदणी असे सगळे मिळून नवी गाडी रस्त्यावर यायला पावणेदोन लाख धरा. तुमच्या 70 हजारांतले 15 हजार बाजूला काढा (ते कशासाठी हे पुढे सांगतो) आणि 55 हजार रोख भरा. उरलेल्या एक लाख 20 हजारांवर 11 टक्के दराने तीन वर्षांचा हप्ता सुमारे 3,930 रुपये बसतो आणि एकूण व्याज साडेएकवीस हजारांच्या जवळ जाते. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरले, तर कामाच्या महिन्याकाठच्या हजार किलोमीटरसाठी तुमची जुनी गाडी 55 च्या सरासरीने 18 लिटर पिते आणि ही 36 च्या सरासरीने 28 लिटर पिईल, म्हणजे हजारभर रुपयांचा फरक झाला. रविवारची भटकंती धरून आणखी आठ-नऊशे रुपये जातील. टायर, चेन, ऑइल, विम्याचे नूतनीकरण यांसाठी महिन्याला सातशे-आठशे बाजूला टाकलेच पाहिजेत, कारण हे खर्च येतात ते एकदम आणि नेमके शाळेची फी भरायच्या महिन्यात येतात. सगळे मिळून आजच्यापेक्षा महिन्याला सुमारे साडेसहा हजार जास्त लागतील.

घराचा हप्ता आणि मुलीची ठेव वजा जाता तुमच्या हातात साडेएकोणतीस हजार उरतात. त्यातून साडेसहा हजार गेल्यावर 23 हजारांत घर चालते की नाही हे मी ठरवू शकत नाही. ते तुमच्या पत्नीला माझ्यापेक्षा आणि कदाचित तुमच्यापेक्षाही अधिक नेमके माहीत असेल. म्हणून एक गोष्ट करा. पुढचे तीन महिने पगार झाला की त्याच दिवशी साडेसहा हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. घर सुरळीत चालले तर गाडी परवडते आणि वर साडेएकोणीस हजार जमले ते निराळेच. दुसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर नव्या गाडीचा विचार तूर्त सोडून द्या.

सोडून देण्याचा अर्थ गाडीच घेऊ नये असा मात्र नाही. माझा कल मुळातच दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी घेण्याकडे आहे आणि त्याचे कारण केवळ पैसे हे नाही. कच्च्या वाटेवर गाडी शिकणारा माणूस पडतो. वेग कमी असतो, खाली माती असते, त्यामुळे बहुतेकदा कपडे झटकून उठता येते. पण क्लचचा लिव्हर मोडतो, इंडिकेटर तुटतो, टाकीला ओरखडा येतो. कोऱ्या गाडीवरचा पहिला ओरखडा माणसाला असा काही लागतो की, पुढचे सहा महिने तो गाडी डांबराखाली उतरवतच नाही आणि मग गाडी घेण्याचे प्रयोजनच संपते. लाखाच्या आसपास चांगली वापरलेली गाडी मिळाली, तर कर्जही निम्म्याखाली येईल. मात्र जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर बहुधा चढा असतो, तेव्हा पतसंस्थेकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे विचारून पाहा.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा वरचा रंग पाहू नका, खाली वाका. इंजिनाखालच्या पत्र्यावर ओरखडे असणारच, पण फ्रेमच्या जोडांवर तडा किंवा नव्याने केलेले वेल्डिंग दिसले तर नमस्कार करून निघा. पुढचे शॉकअॅब दाबून पाहा आणि नळीवर तेलाचे कडे उमटते का ते बघा. मधल्या स्टँडवर किंवा विटांवर चढवून दोन्ही चाके फिरवा. रिम डुलत असेल किंवा चार-पाच आरे सैल असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे वळवा, मध्यभागी ते अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले आहे. एअर फिल्टर उघडून दाखवायला सांगा, कारण धूळ खाल्लेले इंजिन बाहेरून धडधाकटच दिसते. कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 सह्यांनिशी घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, विकणारा नात्यातला असला तरी.

बाजूला ठेवायला सांगितलेले 15 हजार हे तुमच्या अंगावरच्या सामानासाठी आहेत. आयएसआय खुणेचे चांगले हेल्मेट, गुडघ्या-कोपराचे कवच, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे मजबूत बूट या क्रमाने घ्या. घोट्याचा मी मुद्दाम उल्लेख करतो, कारण सँडल घालून मुरमावर पाय टेकवताना होणारी इजा ही या छंदातली सगळ्यात सामान्य इजा आहे. उरलेल्या पैशांत 21 इंचांची एक जादा ट्यूब, टायर रिममधून उचकटायचे दोन टायर-लिव्हर आणि हवेचा छोटा पंप घ्या. या गाडीला ट्यूबचे टायर असतात आणि पुढच्या चाकाच्या मापाची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असे नाही. पुढच्या चाकाची ट्यूब अडचणीच्या वेळी मागच्या 18 इंची चाकातही कशीबशी चालून जाते, म्हणून एकच बाळगायची तर पुढची बाळगावी. घरी अंगणात बसून चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव करा. पहिल्या खेपेला बोटे सोलवटतील आणि दुपार जाईल. तेच काम पहिल्यांदा कोयनेकाठी पावसात करण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

खर्चाबद्दल एवढे पुरे. तुम्ही आनंदाचा प्रश्न थेट विचारलेला नाही, पण पत्राच्या ओळीओळीत तोच आहे, आणि तो खर्चाशी जोडलेलाही आहे.

या गाडीचा आनंद वेगाचा नाही, हे आधी मनाशी पक्के करा. महामार्गावर ताशी 80-90 ला ती सुखाने पळते, त्यापुढे वारा आणि थरथर दोन्ही वाढतात. दर आठवड्याला पुण्याला जाणे असते तर मी दुसरीच गाडी सुचवली असती. तिची खरी मजा ताशी वीस-पंचवीसला आहे. सडावाघापूरच्या पठाराकडून उतरणारी एखादी मुरमाची वाट डोळ्यांपुढे आणा. तुम्ही फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे आहात, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरली आहे, कोपरे बाहेर आहेत आणि हँडल घट्ट आवळलेले नाही. पुढचे चाक दगडावर चढते, जरासे आडवे घसरते, आणि तुम्ही काहीच केले नाही तर आपले आपण सरळ होते. हे ‘काहीच न करणे’ शिकायला सगळ्यात अवघड जाते, कारण सवय असते ती चाक हलले की हँडल दाबून धरायची आणि पुढचा ब्रेक आवळायची, आणि माणूस पडतो तो त्यामुळेच. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी अडवू द्यायची, मागचा ब्रेक जरासा घासत ठेवायचा आणि नजर चाकापुढच्या दगडावर नव्हे, तर पंधरा-वीस फूट पुढच्या वळणावर ठेवायची. हे अंगवळणी पडले की रोजची तीच वाट, तीच वस्ती आणि तोच ओढा यांत दरवेळी काहीतरी नवे करायला सापडते. साडेतीन लाखांच्या गाडीने या आनंदात वाढ होत नाही. उलट गाडी जड असेल तर मन तिला सांभाळण्यातच गुंतते.

तुमच्या भागात तर यासाठी लांब जायचीही गरज नाही. चाळकेवाडी-वनकुसवडे बाजूला पवनचक्क्यांसाठी झालेले आणि अवजड वाहनांनी उखडलेले रस्ते आहेत, दातेगडाच्या पायथ्यापर्यंत जाता येते, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन संध्याकाळी परत येता येते. मात्र वाट सोडून सड्यावर, म्हणजे पठारावरच्या उघड्या कातळावर, गाडी घालू नका. कातळावरची माती तिथे काही बोटांचीच असते, पावसाळ्यानंतरची फुले त्यावर येतात आणि एकदा उमटलेली चाकोरी पावसाळ्यागणिक खोल होत जाते. सह्याद्रीचा जो भाग 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला त्यात कास आहे, आणि कासला आज तिकीट आणि पहारा का लागतो हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे परवानगीशिवाय गाडी घातली तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. सरकारी नोकरी असलेल्या माणसाने तर हा विचार दोनदा करावा. आणि शर्यतीत झालेले नुकसान विमा भरून देत नाही, हेही कोणी गावच्या जत्रेत ‘एक फेरी मारून दाखव’ म्हणाला तर आठवू द्या.

देखभालीत कंटाळा करून चालणार नाही, एवढेच या गाडीचे मागणे असते. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून तेल द्यायचे, ओढ्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी. नोव्हेंबर ते मे या धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिले आहे त्यापेक्षा लवकर पाहायचा. आऱ्यांवर महिन्यातून एकदा पान्याने टकटक करून आवाज ऐकायचा. सैल आऱ्याचा आवाज बोदा येतो. टायर घेताना मोठ्या गोट्यांचे, दिसायला रुबाबदार टायर घेण्याचा मोह टाळा. ते चिखलात अप्रतिम आणि डांबरावर झपाट्याने झिजणारे असतात, आणि तुमचा निम्मा प्रवास डांबराचा आहे.

जुनी 125 विकू नका. तिचे फारतर पंधरा-वीस हजार येतील. 75 ते 150 सीसीच्या गाडीचा वर्षाचा तृतीयपक्ष विमा 714 रुपये आणि त्यावर कर एवढाच पडतो, आणि बाजारहाटाला, पाहुण्यांना स्टँडवरून आणायला तीच बरी. निदान वर्षभर तरी ती राहू द्या.

शेवटी तुमच्या पत्नीच्या दोन हरकतींविषयी. पहिली, मुलीच्या ठेवीची, पूर्णपणे रास्त आहे आणि त्यावर तोड एकच: ती तीन हजारांची ठेव कुठल्याही परिस्थितीत थांबणार नाही, हे आधी ठरवायचे आणि त्यांच्यासमोर ठरवायचे. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत आहे ना, आणि वारसदार म्हणून त्यांचेच नाव घातले आहे ना, हे त्यांना कागद दाखवून सांगा. दुसरी हरकत उंचीची आहे आणि ती तुम्ही समजता त्याहून गंभीर आहे. मागची सीट अरुंद असते, साडी नेसून चढायला पायरीसारखा आधार लागतो, साडीगार्ड आणि मागे धरायला दांडी पक्की हवी, आणि तुमचे स्वतःचे पाय जेमतेम चवड्यांवर टेकत असताना मागचा माणूस चढताना तोल जाण्याचा धोका असतो. तुम्ही एकटे असाल तेव्हा सीटवर किंचित एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकवला की भागते. दोघे असताना तेवढ्याने भागत नाही. सीटचा फोम कापून ती उतरवण्याची घाई मात्र करू नका, कारण काही महिन्यांत सस्पेन्शन बसते आणि सवयही होते. तेव्हा एकटे जाऊन गाडी ठरवू नका. चाचणी फेरीला त्यांना हेल्मेटसह बरोबर न्या, तुमचे नेहमीचे कामाचे बूट घाला, आणि शोरूमसमोरच्या सपाट रस्त्याऐवजी जवळच्या एखाद्या चढावर थांबून त्यांना उतरायला आणि पुन्हा चढायला सांगा. चाचणीच्या गाडीवर दोघांना बसू द्यायला विक्रेता कुरकुर करू लागला, तर कराडची दुकाने सोडून साताऱ्याला जा. बुकिंगचे पैसे मात्र त्याआधी कुठेच भरू नका.